टेको बोल्ड: दोन शब्दांच्या पाटीसाठी चौकोनी बांध्याचा फॉन्ट

टेको बोल्डला दोन शब्द द्या, तो ते रस्त्याच्या पलीकडे पोचवतो. तिसरा शब्द आला की दाटी सुरू होते आणि पाच शब्दांची ओळ बसवली तर एक चांगला फॉन्ट वाया जातो. हे परीक्षण सोलापुरात पाट्या, फ्लेक्स, पॅकिंग आणि कापडावरची छपाई करून घेणाऱ्यांसाठी आहे. डिझायनरला त्याचा उपयोग होईलच, पण पैसे मोजणाऱ्या दुकानदारालाही आपण नेमकं काय मागतोय हे कळायला हवं.

टेको अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आरेखन मानुषी पारिख यांचं. देवनागरी आणि रोमन या दोन लिपी, आणि लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड अशी पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या. मराठीला लागणारी जोडाक्षरं त्यात आहेत. गुगल फॉन्ट्सवरून फुकट उतरवता येतो आणि त्याचा ओपन फॉन्ट परवाना धंद्याच्या कामालाही चालतो: पाटीवर वापरा, पिशवीवर छापा, वेबसाइटवर लावा, कोणाला रुपया द्यावा लागत नाही. एकच बंधन ध्यानात ठेवायचं. नुसता फॉन्ट विकता येत नाही. 'स्पेशल फॉन्ट' म्हणून कोणी टेकोचे वेगळे पैसे लावत असेल तर ते देण्याचं कारण नाही.

स्वभाव

गोल अक्षरांना चौकटीत बसवणं हा या फॉन्टचा मूळ विचार. ठ, ढ, ट, व यांची पोटं लिहिताना गोल येतात. टेकोत त्यांच्या बाजू सरळ उभ्या राहतात आणि वळण फक्त कोपऱ्यात उरतं. रेघांच्या जाडीत चढउतार फार कमी आहे. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत एक रेघ जाड आणि दुसरी बारीक येते, तसं इथे होत नाही. टोकं सपाट कापलेली आहेत. अक्षरांची रुंदी आवरलेली असल्यामुळे त्याच पाटीवर उंची जास्त मिळते, आणि दुरून वाचताना आधी उपयोगी पडते ती उंचीच.

यातून जो आवाज तयार होतो तो कडक, यांत्रिक आणि खेळाच्या मैदानावरचा आहे. म्हणून तो कुठे शोभतो हे ठरवणं अवघड नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला यंत्रमागाच्या सुट्या भागांचा व्यापारी, होटगी रोडवरचं टायरचं दुकान, ट्रान्सपोर्ट, व्यायामशाळा, क्रिकेट स्पर्धेचा फलक, मंडळाच्या टी-शर्टची पाठ, ही त्याची घरची ठिकाणं. 'कडक भाकरी' हे दोन शब्द ज्वारीच्या भाकरीच्या पाकिटावर टेको बोल्डमध्ये फार चांगले दिसतात, कारण भाकरीचा करकरीतपणा आणि अक्षराचा करकरीतपणा एका जातीचे आहेत. शेंगाचटणीच्या पाकिटावर मात्र विचार करावा. चटणी घरगुती, उखळात कुटलेली म्हणून विकायची असेल तर एवढं यांत्रिक अक्षर तिला परकं वाटतं. सराफी पेढी, साड्यांचं दालन, लग्नपत्रिका, कीर्तनाची जाहिरात या ठिकाणी टेको नको. तिथे तो ओरडल्यासारखा वाटतो.

वजनांबद्दल आरेखन करणाऱ्यांची शिफारस स्पष्ट आहे आणि ती पाळण्यासारखी आहे. रेग्युलर, मीडियम आणि सेमीबोल्ड लांब मथळ्यांसाठी, बोल्ड एकदोन शब्दांसाठी, लाइट अगदी मोठ्या आकारासाठी. सोलापुरात उलटं मागितलं जातं: 'सगळं बोल्ड करा.' पाटीवर नाव बोल्डमध्ये, त्याखालचा धंदा मीडियममध्ये आणि पत्ता वेगळ्या फॉन्टमध्ये ठेवला तर तेच नाव दुप्पट जाड वाटतं, कारण जाडी ही शेजारच्या अक्षराच्या तुलनेत कळते.

बोल्डमध्ये काय बिघडतं

देवनागरीत काही अक्षरांची ओळख एका लहानशा फटीवर उभी आहे. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. ती फट बुजली की ध चा घ होतो आणि भ चा म. बोल्ड वजनात रेघ जाड होते तशी ही फट अरुंद होत जाते. संगणकाच्या पडद्यावर ती शाबूत दिसते. मग फ्लेक्सवाला अक्षराभोवती पांढरी किंवा पिवळी बॉर्डर देतो, ती दोन्ही बाजूंनी आत येते आणि फट संपते. 'धनलक्ष्मी ट्रेडर्स' लांबून 'घनलक्ष्मी' वाचलं जातं, 'भारत' चं 'मारत' होतं. नावात ध, भ किंवा थ असेल तर बॉर्डर देऊ नका. द्यायचीच असेल तर सेमीबोल्डवर द्या आणि फट किमान बॉर्डरच्या जाडीच्या तिप्पट उरतेय का ते मोजा. दोन्हीकडून बॉर्डरची जाडी गेल्यावर मध्ये एक जाडी तरी मोकळी राहिली पाहिजे.

दुसरी अडचण ब आणि ष यांच्या पोटातल्या तिरक्या रेघेची. जाड वजनात पोट आधीच लहान झालेलं असतं, त्यात ही रेघ बसली की दोन बारीक त्रिकोणी भोकं उरतात. गडद रंगावर पांढरं अक्षर छापलं तर शाई आत पसरते आणि तिरकी रेघ बारीक होते. पांढऱ्यावर गडद अक्षर छापलं तर भोकं बुजतात. दोन्हीकडे ब ओळखू न येण्याचा धोका आहे. तीन इंचांपेक्षा लहान अक्षरात 'बालाजी', 'शिवबा', 'पुरुषोत्तम' अशी नावं असतील तर सेमीबोल्ड घ्या.

तिसरी गोष्ट, शिरोरेषेवरची गर्दी. 'व्यापाऱ्यांसाठी' हा एक शब्द या फॉन्टची आणि सॉफ्टवेअरची एकदम परीक्षा घेतो: अर्धा व, मग ऱ्या, त्यावर अनुस्वार, शेवटी वेलांटी. 'सिद्धेश्वर' हाही चांगला नमुना. ऱ्हस्व वेलांटी, द्ध, मात्रा आणि श्व एका नावात येतात आणि सोलापुरात हे नाव असलेल्या पाट्यांना तोटा नाही. 'मार्केट' मधला रफार आणि पाठोपाठची मात्रा, 'कृष्णा' मधला ऋकार आणि ष्ण, 'टेक्स्टाईल्स' मधलं क्स्ट, हेही टाईप करून बघा. प्रूफ मागताना स्वतःच्या दुकानाचं पूर्ण नाव त्या फॉन्टमध्ये मागा. दुसऱ्या दुकानाचा नमुना पाहून होकार देऊ नका, कारण फॉन्ट कुठे अडेल हे नावातल्या अक्षरांवर ठरतं.

अक्षरांमध्ये अंतर वाढवायची सवय इंग्रजी पाट्यांवरून आली आहे. कॅपिटल अक्षरं मोकळी केली की रुबाबदार दिसतात हे खरं. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. टेकोत रेघ जाड आणि टोकं सपाट असल्याने हे तुटणं फार ठळक दिसतं. मराठी ओळीला अंतर शून्यच ठेवा. ओळ लांब करायची असेल तर आकार वाढवा किंवा दोन शब्दांमधली जागा थोडी सोडा. अक्षरं आडवी ताणणं त्याहून वाईट. ताणल्यावर उभे दांडे जाड होतात, शिरोरेषा आहे तेवढीच राहते आणि सगळीकडे सारखी असलेली जाडी, जी या फॉन्टची खरी कमाई आहे, ती जाते. जागा रुंद आणि बुटकी असेल तर टेको तिथला नाहीच. तिथे सरपंच हा फॉन्ट बघा, त्याबद्दल पुढे.

संगणकावर बसवताना

सोलापुरातल्या अनेक छपाईवाल्यांकडे काम अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर चालतं. त्यात टाईप केलेल्या मजकुराला नुसता टेको लावला तर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. जुन्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, टेको युनिकोड, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो ती पद्धत, मागतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा सरळ नव्याने टाईप करा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दुकानदाराने आपलं नाव मोबाइलवर मराठीत टाईप करून पाठवायचं आणि ते जसंच्या तसं चिकटवायचं. त्यात शुद्धलेखनाची जबाबदारीही ज्याची त्याच्याकडे राहते.

पुढचा अडथळा सॉफ्टवेअरचा. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी नीट जुळत नाही. लक्षणं ओळखायला सोपी: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीऐवजी उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसतं, रफार वर जाण्याऐवजी खाली 'र्' म्हणून सुटा पडतो. हा दोष फॉन्टचा नसतो, म्हणून फॉन्ट बदलून काही होत नाही. त्याच संगणकावर इंकस्केप टाका. ते फुकट आहे आणि देवनागरी बरोबर जुळवतं. तिथे नाव टाईप करून पाथमध्ये बदला, पीडीएफ किंवा एसव्हीजी करा आणि ती फाइल कोरलमध्ये घ्या. इलस्ट्रेटर असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाईप या भागात इंडिक ऑप्शन्स दाखवण्याची खूण करा आणि पॅराग्राफच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. ही निवड झाली नसेल तर महागडं सॉफ्टवेअरसुद्धा 'सिद्धेश्वर' मोडून ठेवतं.

फाइल कटिंगला देण्याआधीची एक पायरी टेकोच्या बाबतीत अजिबात गाळायची नाही: वेल्ड, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करणं. देवनागरी फॉन्टात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि रेघ सलग दिसावी म्हणून हे तुकडे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. पडद्यावर काळ्यावर काळं पडल्याने ते कळत नाही. पण कर्व्ह करून (अक्षराची नुसती आकृती बनवून) प्लॉटरला, म्हणजे कापणाऱ्या यंत्राला, दिलं की प्लॉटर प्रत्येक तुकड्याची कड वेगळी कापतो आणि शिरोरेषेत दर अक्षराला उभा काप पडतो. विनायल तिथून सुटतं, अॅक्रिलिकचे तुकडे होतात. कोरलमध्ये क्रम असा: कंट्रोल-क्यू ने कर्व्ह, मग वेल्ड, मग वायरफ्रेम दृश्य. वायरफ्रेममध्ये शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ दिसता कामा नये. दिसली तर वेल्ड झालेलं नाही. ब्रेक अपार्ट करून काम उरकण्याचा मोह होतो, पण त्याने प, ष, व यांची पोटं वेगळी वस्तू बनतात आणि भरली जातात.

टेको व्हेरिएबल स्वरूपातही मिळतो, म्हणजे एकाच फाइलमध्ये ३०० ते ७०० पर्यंतची सगळी वजनं. वेबसाइटसाठी ते सोयीचं आहे. कटिंगसाठी मात्र स्थिर बोल्डची सुटी फाइल वापरा. व्हेरिएबल फॉन्टात एका अक्षराचे अवयवसुद्धा एकमेकांवर चढवलेले असू शकतात आणि वेल्डचं काम वाढतं.

पाटीचा हिशेब

दहा फूट रुंद, तीन फूट उंच पाटी घेऊ. उंची ३६ इंच. वर-खाली तीन-तीन इंच मोकळे सोडले की ३० उरतात. या तिसांत फक्त अक्षर बसवायचं नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार किंवा खाली उतरणारं जोडाक्षर यांनाही जागा हवी. म्हणून शिरोरेषेपासून तळरेषेपर्यंतची उंची १५-१६ इंच धरा. नावात उकार नसेल तर इंच-दोन इंच वाढवता येतील. इंग्रजी पाटीच्या सवयीने २४ इंच अक्षर मागितलं जातं आणि मग वेलांट्या पत्र्याच्या कडेला घासतात, किंवा पेंटर त्या दाबून बसक्या करतो. नावाखाली धंद्याची ओळ हवी असेल तर नाव १२ इंचांवर आणा.

वाचनाच्या अंतरासाठी पाटीवाल्यांचा ठोकताळा दहा फुटांमागे एक इंच उंची असा आहे. १५ इंच उंचीचं नाव दीडशे फुटांवरून आरामात वाचता येतं. विजापूर रोडवर वेगात जाणाऱ्या गाडीसाठी एवढी उंची हवीच. चाटी गल्लीसारख्या अरुंद गल्लीत गिऱ्हाईक जेमतेम पंधरा-वीस फुटांवरून आणि मान वर करून बघतं. तिथे चार इंचांचं अक्षर पुरतं आणि उरलेले पैसे उजेडावर घालणं शहाणपणाचं.

सॉफ्टवेअरमधला पॉइंट साइज म्हणजे अक्षराची उंची नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. टेको त्याच पॉइंटला इतर पुष्कळ फॉन्टांपेक्षा लहान दिसतो. आधी १५ इंचांची चौकट काढा आणि शिरोरेषा व तळरेषा चौकटीच्या कडांना लागेपर्यंत अक्षर मोठं करा. इंग्रजी नाव शेजारी असेल तर ही काळजी कायद्यासाठीही घ्यावी लागते. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत असणं आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसणं बंधनकारक आहे. दोन्ही ओळींना एकच पॉइंट दिला म्हणून उंची एक होत नाही. इंग्रजी कॅपिटलची उंची आणि मराठीची शिरोरेषा ते तळरेषा ही उंची, दोन्हींना गाइड लावून मोजा.

उजेडाची अक्षरं करायची असतील तर टेकोचा सगळ्यात मोठा गुण कामी येतो. रेघांची जाडी जवळजवळ सारखी असल्याने एलईडी मॉड्यूलची एकेरी रांग दांड्यातून, शिरोरेषेतून आणि पोटाच्या कडेने सारख्या अंतराने फिरवता येते. जाड-बारीक फॉन्टात बारीक भागात मॉड्यूल मावत नाही आणि तिथे अंधाराचा पट्टा राहतो. तरी अक्षराची उंची पक्की करण्याआधी सर्वांत बारीक रेघ मोजा. दीड इंचापेक्षा कमी भरली तर नेहमीचं मॉड्यूल आणि बाजूची पट्टी बसवताना कारागिराची ओढाताण होते. तिथे आतून उजेडाचं अक्षर सोडून मागून उजेड टाका. मराठीत शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एकच पेटी बनतो, हा फायदाही आहे आणि तोटाही. वायरिंग कमी लागतं, पण दहा फुटांचं सलग अॅक्रिलिक मिळत नाही, म्हणून जोड द्यावा लागतो. जोड दोन अक्षरांच्या मधल्या शिरोरेषेवर घ्या. दांड्यावर घेतला तर उजेडात काळी उभी रेघ दिसते.

राउटर (फिरत्या बिटने कापणारं यंत्र) की लेझर, हाही प्रश्न चौकोनी फॉन्टात महत्त्वाचा. तीन मिलिमीटरच्या बिटने कापलेला आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल होतो. आठ इंचांच्या अक्षरात ते नजरेत येत नाही. दोन इंचांच्या अक्षरात मात्र सगळे आतले कोपरे मऊ पडतात, बाहेरचे कडक राहतात आणि अक्षर ओशाळल्यासारखं दिसतं. लहान अक्षरं लेझरवर कापा.

विनायलला उलट सल्ला. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्रा त्याहून तापतो आणि चिकटवलेल्या अक्षराचा टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. टेकोत सपाट कापलेली टोकं भरपूर, म्हणजे असे कोपरे भरपूर. वेल्डनंतर बाहेरच्या कोपऱ्यांना अर्धा ते एक मिलिमीटर गोलाई द्या. चार फुटांवरूनही ती दिसत नाही आणि विनायल जास्त टिकतं. एवढं करायला फाइलमध्ये दोन मिनिटं लागतात, आणि हे न करणारा कारागीर पुढच्या उन्हाळ्यात परत बोलवावा लागतो.

कापडावर

सोलापूरच्या कामात हा भाग वेगळा काढावा इतका महत्त्वाचा आहे. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नाव विणायचं तर अक्षराचा प्रत्येक काठ ताण्या-बाण्याच्या जाळीत बसवावा लागतो. सरळ उभी आणि सरळ आडवी रेघ त्या जाळीत स्वच्छ उतरते. तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते. त्यामुळे चौकोनी बांध्याचं अक्षर विणकामाला मुळातच सोयीचं आहे आणि चादरीवर टेको ज्या नेटकेपणाने उतरतो तसा बोरूच्या वळणाचा फॉन्ट उतरत नाही. अडचण येते ती र च्या पायाची, ब-ष च्या तिरक्या रेघेची आणि कोपऱ्यातल्या लहान गोलाईची. ग्राफ करताना संगणकाने आपोआप केलेल्या पायऱ्या तशाच ठेवू नका. र चा पाय समान पायऱ्यांत हाताने दुरुस्त करा आणि कोपऱ्याची गोलाई एक किंवा दोन चौकडींत संपवा. ध-भ ची फट किमान दोन धाग्यांची ठेवा. एका धाग्याची फट धुलाईनंतर दिसत नाही.

टेरी टॉवेलवर छपाई हे टेको बोल्डचं काम नाही. टॉवेलच्या उभ्या फाशांवर शाईची कड सरळ बसत नाही, पसरते, आणि पोटं बुजतात. टॉवेलवर सेमीबोल्ड घ्या, शिरोरेषा ते तळरेषा किमान दीड इंच ठेवा. नाव लहान हवं असेल तर फासे नसलेल्या सपाट पट्टीवर छापा. त्या पट्टीवर तो व्यवस्थित येतो.

कापडाच्या गाठींवर (गठ्ठ्यांवर) ब्रशने नाव मारण्यासाठी स्टेन्सिल करतात, तिथे शिरोरेषा त्रास देते. इंग्रजीत ए, बी, डी, ओ अशा मोजक्याच अक्षरांची पोटं बंद असतात. देवनागरीत व, ब यांची पोटं बंद असतातच, शिवाय प, ष, म, घ यांच्या पोटांवर शिरोरेषेचं झाकण असतं, म्हणून पत्रा कापल्यावर पोटं गळून पडतात. प्रत्येक बंद पोटाला एक पूल हवा. तीन-चार मिलिमीटर रुंद, उभ्या दांड्यातून आडवा काढलेला. शिरोरेषेतून पूल काढलात तर ध-घ चा घोळ पुन्हा उभा राहतो. सलग शिरोरेषेची लांब फट पत्र्याला कमजोर करते, म्हणून दर दोन अक्षरांनी तिथेही जोड ठेवावा लागतो. तो जोड अक्षराच्या सीमेवर ठेवा, पोटाच्या डोक्यावर नको.

मोबाइल आणि वेबसाइट

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जाहिरातीत टेको उत्तम चालतो, विशेषतः आकड्यांसाठी. भाव, सवलत, तारीख, फोन नंबर हे सगळं अरुंद आणि उंच असल्याने दहा आकडी नंबर एका ओळीत मोठा बसतो. गड्डा यात्रेतल्या स्टॉलच्या भावफलकालाही हाच गुण उपयोगी. गर्दीत माणूस आधी आकडा वाचतो.

वेबसाइटवर मथळ्याला ओळींमधलं अंतर १.० किंवा १.१ ठेवण्याची फॅशन आहे. मराठीत पहिल्या ओळीचा उकार आणि दुसऱ्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. टेकोसाठी १.३ च्या खाली जाऊ नका. बटणाच्या चौकटीत मजकूर नेमका मध्यावर बसत नाही, कारण फॉन्टच्या वरच्या आणि खालच्या राखीव जागा सारख्या नाहीत. वर-खालचं पॅडिंग वेगवेगळं देऊन डोळ्याने जुळवा. आणि परिच्छेद टेकोत लावू नका, कोणत्याही वजनात. सोळा पिक्सेलला तो वाचायला जड जातो.

शेजारी आणि पर्याय

जोडीला हिंद हा फॉन्ट चांगला. तोही मानुषी पारिख यांनीच त्याच फाउंड्रीसाठी केलेला आहे, पाच वजनांत मिळतो आणि पत्ता, वेळा, खुलासा अशा बारीक मजकुराला नीट वाचता येतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीचा मुक्ता सात वजनांत आहे, तोही चालेल. पाटीवर तिसरा फॉन्ट आणायची गरज पडत नाही.

टेकोच्या जवळपासच्या फॉन्टांत खंड आणखी सुटसुटीत आहे. त्याची पोटं मोकळी आहेत, म्हणून लांब नावाला किंवा ब-ष असलेल्या नावाला तो जास्त भरवशाचा. पण टेकोची चौकोनी ताठरता त्यात नाही. राजधानीही चौकोनी आणि अरुंद आहे, मात्र त्याचा आवाज हलका. संगणक दुरुस्ती, प्रयोगशाळा, शिकवणी वर्ग यांना तो शोभेल, टायरच्या दुकानाला कमी पडेल. सरपंचची अक्षरं रुंद आहेत. रेग्युलरमध्ये रेघ एकसारखी आहे आणि जसजसं वजन वाढतं तसा जाड-बारीक फरक वाढत जातो. त्याचं ब्लॅक वजन दोन-तीन अक्षरांच्या नावाला बुटक्या, रुंद पाटीवर जबरदस्त बसतं. त्याच्या बारीक रेघांत एलईडी मात्र मावणार नाहीत. हे तिन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचेच आणि टेकोसारखेच मोफत आहेत, तेव्हा एकाच नावाचे चार प्रूफ मागायला खर्च येत नाही. ए-फोर कागदावर काढा, समोरच्या भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून वाचा.

सोलापूरसाठी टेकोची सगळ्यात मोठी उणीव लिप्यांची आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड आणि शहरात ठिकठिकाणी उर्दू पाटीवर लागते. टेकोत यांपैकी एकही नाही. तेलुगू किंवा कन्नड ओळीला मिळेल तो फॉन्ट लावला की मराठी नाव लोखंडी आणि खालची ओळ केविलवाणी दिसते, आणि ती ओळ वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण दुय्यम असल्याचं कळतं. दोन-तीन भारतीय लिप्या समान मानाने हव्या असतील तर टेको सोडून 'एक टाइप'चा 'अनेक' हा फॉन्ट घ्या. त्यात देवनागरी, तेलुगू, कन्नड, रोमन आणि इतर भारतीय लिप्या एका विचाराने आरेखलेल्या आहेत आणि जाडीबरोबर रुंदीही कमीजास्त करता येते. त्याचं अरुंद, जाड रूप टेकोइतकं कोनदार नाही, पण चारही ओळी एका घरातल्या वाटतात. उर्दू 'अनेक'मध्येही नाही. ती ओळ चांगल्या कातिबाकडून (उर्दू सुलेखनकाराकडून) लिहून घ्या आणि तिची रेघ नावाच्या रेघेइतकी जाड ठेवायला सांगा.